इंग्रजीची स्पर्धा कानांनाही लागू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : माध्यमिक शाळांच्या इंग्रजी स्पर्धांत श्रवणाची चाचणी आणि व्याकरण तपासण्याची पद्धत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. आंतरशालेय इंग्रजी स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेण्याचे काम ओघानेच माझ्याकडे येते आणि परीक्षक कमी पडले की शेजारच्या शाळांतून बोलावणेही येते. या दोन्ही बाजूंनी जे दिसते त्यावरून एक विनंती आपल्यापुढे ठेवतो. माध्यमिक शाळांतील मुलांसाठी शासनाच्या वतीने इंग्रजीची जी कोणती स्पर्धा किंवा स्पर्धापरीक्षा घेतली जाईल, तिच्यात ऐकून समजण्याची चाचणी अनिवार्य असावी, आणि व्याकरणाचा काही भाग तरी त्या ऐकलेल्या मजकुरावरच तपासला जावा.

आज इंग्रजीची स्पर्धा म्हटली की बहुतेक ठिकाणी वक्तृत्व स्पर्धा डोळ्यांसमोर येते. तिच्यात भाषण शिक्षक किंवा पालक लिहून देतात, मूल ते पाठ करते, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्याला एकाच दुपारी तेच परिच्छेद वेगवेगळ्या आवाजांत ऐकावे लागतात. भाषण झाल्यावर त्याच विषयावर एखादा साधा प्रश्न इंग्रजीतून विचारला, तर मूल गोंधळून शिक्षकांकडे पाहते, म्हणून तो विचारू नये असा अलिखित संकेतच पडला आहे. दुसरीकडे खासगी संस्थांची ऑलिंपियाडे आणि व्याकरणाच्या प्रश्नमंजूषा आहेत, ज्यांत चार पर्यायांतून योग्य शब्द निवडायचा असतो. स्पेलिंग बीमध्ये, म्हणजे ऐकलेल्या शब्दाचे स्पेलिंग सांगण्याच्या स्पर्धेत, निदान शब्द कानाने ऐकावा लागतो, हे खरे. पण तो सुटा शब्द असतो, वाक्य नव्हे, आणि बोलल्या जाणाऱ्या भाषेची अडचण वाक्यात सुरू होते.

ती अडचण कोणती, हे एका उदाहरणाने सांगतो. स्थानकावर कोणी म्हणते, ‘द ट्रेन शुड हॅव लेफ्ट बाय नाऊ.’ छापील वाक्य दिले तर आमच्या नववीच्या वर्गातील बरीच मुले त्याचे क्रियापद ओळखतात, पॅसिव्ह करता येईल का तेही सांगतात. मात्र हेच वाक्य सहज बोलण्याच्या वेगात आले की ‘शुड हॅव’चे ‘शुडव्ह’ होते आणि मुलांच्या हाती ‘ट्रेन’ व ‘लेफ्ट’ एवढेच लागते. मग गाडी सुटली असा अर्थ ती काढतात, आणि बोलणारा तर गाडी आतापर्यंत सुटायला हवी होती, एवढेच म्हणत असतो. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘वॉक’ आणि ‘वॉक्ड’ या जोड्यांचेही तेच आहे. ‘आय’ला चिकटलेला नुसता ‘ड’ हा ‘हॅड’चा की ‘वुड’चा, हे पुढचे क्रियापद ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ते ऐकण्यासाठी व्याकरण कानात असावे लागते. म्हणजे श्रवण आणि व्याकरण ही दोन वेगळी खाती नाहीत. आपण ती प्रश्नपत्रिकेच्या सोयीसाठी वेगळी केली, आणि मग त्यांतले एक ठेवून दुसरे सोडून दिले.

आपल्या राज्याने २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. आज दहावीला बसणारे मूल त्यामुळे दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेने घ्यावयाच्या तोंडी व श्रवण चाचणीचे, अशी विभागणी आहे. हे २० गुण एका वर्षी रद्द झाले, २०१९ चा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर घसरला, आणि ते लगेच परत आले. त्या वेळी चर्चा सगळी अकरावीच्या प्रवेशाची आणि अन्य मंडळांच्या मुलांशी होणाऱ्या तुलनेची होती. मुलांना ऐकून किती समजते, हा प्रश्न तिच्यात कुठे नव्हता. या चाचणीला आज अनेक शाळांत किती वेळ दिला जातो, हे आपल्या अधिकाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पटावरील प्रत्येक मुलाला जवळपास सारखेच गुण पडले, तर ती चाचणी झाली असे म्हणणे कठीण आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचीही तीच गत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेत दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेचे, म्हणजे मराठी शाळांतल्या मुलांसाठी इंग्रजीचे, २५ प्रश्न आणि ५० गुण असतात. ते सर्व प्रश्न छापील, सर्व बहुपर्यायी. ही परीक्षा कोणत्या इयत्तेत घ्यावी यावर शासनाने बराच विचार केला आहे, इयत्ता बदललीही आहे. त्या ५० गुणांत काय तपासले जाते, हा प्रश्न मात्र तसाच पडून आहे.

शालान्त परीक्षा बदलण्याचा आग्रह मी धरत नाही. एवढ्या मोठ्या परीक्षेत श्रवणाचा लेखी पेपर आणणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, आणि घाईने आणला तर पहिल्याच वर्षी न्यायालयात जाईल. स्पर्धेचे तसे नसते. तिला बसणारी मुले स्वेच्छेने बसतात, प्रयोग करायला वाव असतो, आणि तरीही शाळेतल्या शिकवण्यावर तिचा परिणाम होतो. याचा दाखला मुंबईतच आहे. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेतून निवडलेल्यांना प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावे लागतात आणि पुढे कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. या एका अटीमुळे कित्येक शाळांच्या प्रयोगशाळांची कुलपे सहावीच्या मुलांसाठी उघडली. इंग्रजीच्या स्पर्धेत ऐकणे आले, तर वर्गातही ते येईल. वर्गात कोणी मुद्दाम ऐकवत नाही, याचे कारण आळस नसून त्याचा गुणांशी काही संबंध नाही, हे आहे.

आता खरी अडचण येते ती मुंबईची. आमच्यासारख्या किती तरी शाळा रुळांना लागून आहेत. कुर्ला-घाटकोपर पट्ट्यात उतरणारी विमाने फळ्यावरचे वाक्य पूर्ण होऊ देत नाहीत, पावसाळ्यात पत्र्यावर सरी आल्या की शिकवणे थांबवावे लागते, आणि बारमाही बांधकामे आहेतच. दक्षिण कोरियात महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतील इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ प्रश्न ऐकून सोडवायचे असतात आणि तेवढा वेळ देशातील विमानांचे उड्डाण व उतरणे थांबवले जाते. सांताक्रूझची धावपट्टी आमच्या आठवीच्या मुलांसाठी बंद ठेवावी, अशी मागणी मी करणार नाही. परंतु स्पर्धा डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी सकाळी घेतली, जेव्हा पंखे बंद ठेवता येतात आणि शाळेत दुसरे वर्ग नसतात, एका खोलीत तीसच मुले बसवली, आणि प्रत्येक विभागात रस्त्यापासून व रुळांपासून आत असलेल्या शाळा केंद्र म्हणून निवडल्या, तर बराचसा प्रश्न सुटतो. केंद्रप्रमुखाने आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून रेकॉर्डिंग स्वतः ऐकावे आणि सही करावी, एवढा एक नियम घातला तरी निम्म्या तक्रारी आधीच मिटतील.

आवाज पोहोचवायचा कसा, यालाही उत्तर आहे. हाँगकाँगमध्ये शालेय परीक्षेतील इंग्रजी श्रवणाचा भाग वर्षानुवर्षे सरकारी रेडिओवरून प्रक्षेपित झाला आहे. आकाशवाणीचे मुंबई केंद्र आपल्या दारात आहे. एका ठरलेल्या वेळी सर्व केंद्रांवर एकच प्रक्षेपण ऐकवले, तर प्रश्न फुटण्याची भीती कमी होते, आणि हा स्पीकर चांगला, तो वाईट, हा वादही आटोक्यात राहतो. ते जमले नाही तर आता अनेक शाळांत असलेल्या स्मार्ट टीव्हीवरून किंवा एका साध्या ब्लूटूथ स्पीकरवरूनही काम भागेल. एक मात्र करू नये : शिक्षकांनी उतारा मोठ्याने वाचून दाखवू नये. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, आणि आपल्या शाळेच्या मुलांसाठी उत्तराच्या शब्दावर थोडे थांबण्याचा मोह आम्हा शिक्षकांना आवरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

उतारा एकदा ऐकवावा की दोनदा, यावर जगभर दोन्ही रीती आहेत. परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणाऱ्या आयएल्ट्स या इंग्रजी परीक्षेत ४० प्रश्नांचे रेकॉर्डिंग एकदाच लागते, तर केंब्रिजच्या शालेय पातळीवरील परीक्षांत प्रत्येक भाग दोनदा ऐकवतात. आपल्याकडे पहिली फेरी दोनदा ऐकवून घ्यावी आणि अंतिम फेरीत एकदाच ऐकवावे. प्रश्न मुलांना ऐकण्याच्या आधी वाचायला मिळाले पाहिजेत, नाही तर परीक्षा स्मरणशक्तीची होते. पर्याय लांबलचक असले तर ती वाचनाची होते. वेळापत्रकात खूण करणे, नकाशावर रस्ता दाखवणे, बोलणारी दोन माणसे कशावर सहमत झाली ते निवडणे, अशा प्रश्नांत लिहावे कमी लागते आणि समजले की नाही ते स्वच्छ दिसते.

आवाज कोणाचे असावेत, याबद्दल माझे मत ठाम आहे. पहिल्या फेरीत ते भारतीयच असावेत. बँकेतून फोन करणारी व्यक्ती, दक्षिणेकडची परिचारिका, विमानतळावरचा कर्मचारी, महाविद्यालयाच्या खिडकीवरचा कारकून यांचे इंग्रजी या मुलांच्या आयुष्यात आधी येणार आहे. लंडनचा उच्चार अंतिम फेरीसाठी ठेवावा. लोकलमधल्या उद्घोषणा मात्र जशाच्या तशा घेण्यात अर्थ नाही. ‘पुढील स्टेशन’ आणि ‘अगला स्टेशन’ आधीच कानांवर पडलेले असल्याने ‘नेक्स्ट स्टेशन’कडे मुंबईत कोणी लक्ष देत नाही.

व्याकरणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सवयी तिथेच मुरल्या आहेत. ‘डू ॲज डायरेक्टेड’, ‘रिमूव्ह टू’, ‘नो सूनर दॅन’, ‘क्वेश्चन टॅग लावा’ या साच्यांवर मुलांच्या दोन-तीन वर्षांतला मोठा वेळ जातो. साचे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. वाक्याची उलटापालट करता करता रचना लक्षात राहते. पण ‘टू’ काढून ‘सो दॅट’ घालणारे मूल तेच वाक्य ऐकल्यावर काय करते, हे कोणी पाहिलेले नसते. यासाठी आपल्या शाळांतले जुने श्रुतलेखन पुरेसे आहे, फक्त ते शब्दांचे न ठेवता वाक्यांचे आणि छोट्या परिच्छेदांचे करावे. १९७० च्या दशकात जॉन ऑलर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने श्रुतलेखन ही समग्र भाषाक्षमतेची चाचणी असल्याचे मांडले होते, आणि वर्गात शिकवणाऱ्याला ते पटायला अवघड नाही. कानांनी नीट न ऐकू आलेले शेवटचे ‘ड’ किंवा ‘स’ मूल व्याकरणाच्या आधाराने भरून काढते, आणि आधार नसेल तर ते गळते. याहून एक पाऊल पुढे जायचे तर छोटा परिच्छेद दोनदा ऐकवून, फक्त टिपणे घेऊ देऊन, दोघा-दोघांच्या गटाने तो पुन्हा लिहायचा, असा प्रकार अंतिम फेरीत ठेवता येईल. गुण देताना स्पेलिंगची चूक वेगळी आणि रचनेची चूक वेगळी धरावी. ‘कॅन्सल्ड’मध्ये एक ‘एल’ की दोन, यावर गुण कापू नयेत, पण शेवटचा ‘ड’च सुटला तर कापावेत.

स्पर्धा एकच ठेवली तर काय होईल ते उघड आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जाते ती मुले पहिले तिन्ही क्रमांक नेतील आणि पुढच्या वर्षी मराठी शाळा नावे पाठवणार नाहीत. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत. त्यांतले तमिळ माध्यमातले मूल आणि इंग्रजी माध्यमातले मूल एका तराजूत घालता येणार नाही. म्हणून इंग्रजी प्रथम भाषा असणाऱ्यांचा आणि तृतीय भाषा असणाऱ्यांचा गट वेगळा असावा. सेमी इंग्रजीची मुले दुसऱ्या गटातच यावीत. ज्यांना कमी ऐकू येते अशा मुलांना मात्र ‘तुमच्यासाठी ही स्पर्धा नाही’ असे सांगण्याची वेळ येऊ नये. त्यांच्यासाठी पर्यायी चाचणी कशी असावी, याचा सल्ला वांद्रे येथील, वाचा व श्रवण दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडून नियम छापण्यापूर्वी घ्यावा, नंतर नव्हे.

मराठी शाळांच्या शिक्षकाने इंग्रजीच्या स्पर्धेसाठी मंत्र्यांना पत्र लिहावे, हे काहींना खटकेल. आमच्या शाळांतून मुले काढून नेणारे पालक प्रवेशाच्या वेळी मुलाचे व्याकरण विचारत नाहीत. ‘याला बोललेले कळेल का’ एवढेच विचारतात. त्या प्रश्नाला मराठी शाळेतून खरे उत्तर देता यावे, ही माझी गरज आहे.

करायचे काय, ते थोडक्यात लिहितो. मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी शिक्षण निरीक्षकांची तीन कार्यालये आहेत. येत्या शैक्षणिक वर्षात त्यांपैकी कोणत्याही एका विभागात, महापालिकेच्या माध्यमिक शाळांना बरोबर घेऊन, इयत्ता आठवी व नववीसाठी अशी एक स्पर्धा घेण्याचे आदेश द्यावेत. प्रश्न आणि रेकॉर्डिंग तयार करण्याचे काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिकवणाऱ्या शिक्षकांना सोबत घेऊन करावे, आणि स्पर्धा झाल्यावर ती रेकॉर्डिंगे, प्रश्न व उत्तरे सर्व शाळांना विनामूल्य उपलब्ध व्हावीत. पहिल्या वर्षीचे निकाल पाहून शिष्यवृत्ती परीक्षेतील त्या ५० गुणांपैकी किमान १० गुण श्रवणाकडे वळवता येतील का, याचा विचार परीक्षा परिषदेने करावा. यासाठी समिती नेमली गेल्यास तिच्यात सध्या वर्गात उभे राहून शिकवणारे किमान दोन शिक्षक असावेत, आणि त्यांतला एक मराठी माध्यमाचा असावा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक इंग्रजी शिक्षक, मुंबई