चासीचं वजन शीट कापण्याआधी काढा

महोदय,

विज्ञान प्रदर्शनं आणि रोबोटिक्स स्पर्धा जवळ आल्या की मुलं नेमप्लेट बनवणाऱ्यांच्या दुकानांतून अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे आणतात. ‘मजबूत हवं’ म्हणून ५ एमएमचा तुकडा उचलतात, चासी, म्हणजे रोबोट-गाडीचा पाया, कापतात, मोटर आणि बॅटरी बसवतात आणि गाडी स्पर्धेच्या वजनकाट्यावर बाद होते. त्या वेळी काढून टाकण्याजोगं काहीच उरलेलं नसतं. खरं तर हे वजन घरी वहीत काढता येतं.

लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि आलेल्या आकड्याला घनतेने गुणायचं. उत्तर थेट ग्रॅममध्ये मिळतं. घनता, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं (सीसीचं) ग्रॅममधलं वजन, अ‍ॅक्रिलिकची १.१९ आणि इतर प्लास्टिकांपैकी पॉलिकार्बोनेटची १.२०, एबीएसची साधारण १.०५ आणि एचडीपीईची ०.९५. समजा अ‍ॅक्रिलिकच्या चासीला एकावर एक असे २५ बाय १८ सेंटिमीटरचे दोन मजले आहेत. ३ एमएम म्हणजे ०.३ सेंटिमीटर, एका मजल्याचे १३५ सीसी, म्हणजे १६१ ग्रॅम. दोन्ही मिळून ३२१. हेच ५ एमएममध्ये केलं तर ५३६ ग्रॅम! मर्यादा एक किलोची असेल तर निम्म्याहून जास्त वजन नुसत्या प्लास्टिकनेच खाल्लं.

वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा फक्त सर्किट बोर्ड असतो. तो मजला २ एमएमचा आणि १२ बाय १८ चा केला की ५१ ग्रॅममध्ये भागतं. वाचलेल्या ११० ग्रॅममध्ये १८६५० जातीचे दोन रिचार्जेबल लिथियम सेल आरामात बसतात.

दुकानदार ३ एमएम म्हणतो तेव्हा शीट नेमकी ३ एमएम असतेच असं नाही. कास्ट (साच्यात ओतून बनवलेल्या) अ‍ॅक्रिलिकमध्ये जाडीचा फरक बराच चालतो, एकाच शीटच्या दोन टोकांनाही तो सापडतो. म्हणून वरचा कागद किंवा फिल्म सोलून व्हर्नियरने चार ठिकाणी जाडी मोजावी. त्याहून सोपं म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापून ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवावा. बरोबर ३ एमएमचं अ‍ॅक्रिलिक ३५.७ ग्रॅम भरेल. जो आकडा येईल त्याला शंभराने भागलं की दर चौरस सेंटिमीटरचं वजन हाती येतं. मग जाडी आणि घनता, दोन्हींची चिंता नको.

प्लास्टिक कोणतं तेच कळत नसेल तर छोटा तुकडा पाण्यात बुडवून, बोटाने बुडबुडे पुसून सोडावा. एचडीपीई तरंगतं. एबीएस साध्या पाण्यात बुडतं, पण घट्ट मिठाच्या पाण्यात वर येतं. पीव्हीसी दोन्हींत तळाला जातं. फोमवाला सनबोर्ड मात्र तरंगतो, पण तोही बहुधा पीव्हीसीच असतो. पीव्हीसी लेझर कटिंग मशीनवर कधीच कापू नये, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो.

वजन घटवायला मुलं भोकं पाडत बसतात. ३ एमएमच्या शीटमधलं ३ एमएमचं एक भोक ०.०२५ ग्रॅम काढतं. शंभर भोकांनी जेमतेम अडीच ग्रॅम, वर तडे जाण्याच्या शंभर जागा. त्याऐवजी ६ सेंटिमीटर व्यासाची एकच गोल खिडकी कापली तर १० ग्रॅम जातात. चासी लवत असेल तर जाड शीट घेऊ नये. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो हे खरं, पण २५ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर उंच अशा दोन पट्ट्या दोन्ही कडांना उभ्या बसवल्या की ३६ ग्रॅममध्ये काम होतं. ३ ऐवजी ५ एमएम घेतलं तर त्याच मजल्यावर १०७ ग्रॅम चढतात.

नट-बोल्टही मोजावेत. एम-३ ची जोडी सुमारे एक ग्रॅमची, आणि अशा तीसेक जोड्या सहज लागतात. अ‍ॅक्रिलिकवर नट सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारा गोंद) लावू नये, त्याने भोकाभोवती बारीक तडे जातात. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरावा.

आयोजकांना विनंती आहे की प्रवेशअर्जातच ‘अंदाजे वजन’ असा तक्ता द्यावा: चासी, मोटर, चाकं, बॅटरी, सर्किट, नट-बोल्ट. आणि स्पर्धेचा वजनकाटा आदल्या दिवशी तासभर तरी मुलांसाठी खुला ठेवावा.

— रोबोटिक्स शिकवणारे काही शिक्षक, पुणे