टोटल लॉस गाडीची नोंद ग्राहकाला दिसावी

माननीय संपादक,

जुनी गाडी घेताना बहुतेक जण नंबर प्लेटवरचा नंबर मोबाइलवर टाकतात, मालक, विमा आणि कर्जाचा बोजा पाहतात आणि इसार देऊन मोकळे होतात. पण प्लेट बदलता येते. गाडीची खरी ओळख पत्र्यावर ठोकलेला १७ अक्षरी चासी नंबर. तो आरसीशी पूर्ण जुळवून पाहायला हवा.

तो कुठे असतो हे मॉडेलवर अवलंबून आहे. काहींत बॉनेटखालच्या मागच्या आडव्या पत्र्यावर, काहींत पुढच्या सीटखाली, कार्पेट उचलल्यावर. कारखान्यात ठोकलेली अक्षरे एका रेषेत आणि सारख्या खोलीची असतात. एखादेच अक्षर खोल गेलेले, तेवढ्याच जागी ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग, नंबराभोवती वेल्डिंगची रेघ, यांपैकी काहीही दिसले तर तिथूनच परत फिरावे. ‘गंज चढला होता म्हणून घासला’ हे उत्तर ऐकूच नये. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की नजरेतून सुटलेला फरकही उमटतो. हस्तांतरणासाठी आरटीओत अशी पेन्सिल प्रिंट बहुधा मागतातच, ती पैसे देण्याआधी घेतलेली बरी.

नंबरात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. आरसीवर त्यांपैकी एखादे दिसले तर निदान टंकनाची चूक आहेच, ती विकणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. सुरुवातीची तीन अक्षरे कंपनीची असतात. ‘एमएटी’ म्हणजे टाटा, ‘एमएएल’ म्हणजे ह्युंदाई. दहावे अक्षर बऱ्याच कंपन्या वर्षासाठी वापरतात (‘जे’ २०१८, ‘के’ २०१९, ‘एल’ २०२०), पण सगळ्या नाही. परदेशी संकेतस्थळे आपल्या गाडीचा नंबर ‘अवैध’ ठरवतात त्याने घाबरू नये. नववा पडताळणी अंक अमेरिकेत सक्तीचा आहे, आपल्याकडे नाही.

चोरीची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेवर पाहता येते. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेल्यास चासी नंबरावरून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर मिळू शकतात. मागे फिरवलेले मीटर तिथे उघडे पडते. जुनी विमा पॉलिसीही मागावी. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस (विम्याच्या हप्त्यातली सवलत) ५० टक्के असतो. तो शून्य असेल तर कारण विचारावे. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या मालकाच्या पहिल्या पॉलिसीत तो नसणे संशयास्पद नाही.

एवढे करूनही एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे गाडी टोटल लॉस झाली होती का. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि सांगाडा विकला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. प्रत्यक्षात अनेकदा आरसी सांगाड्याबरोबरच पुढे जाते. मग त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर सांगाड्याचा चासी नंबर ठोकला जातो. नाहीतर पुरातली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. (सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. विकणारा सीट धुतो, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावरचा गाळाचा डाग राहून जातो.) २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सर्वांनी पाहिले आहे.

अमेरिकेत विमा कंपन्यांना टोटल लॉस गाडीची माहिती राष्ट्रीय नोंदप्रणालीला कळवावीच लागते आणि थोडे शुल्क भरून ग्राहकाला ती पाहता येते. आपल्याकडे गाड्यांच्या नोंदणीची सरकारी ‘वाहन’ प्रणाली तयार आहे, क्लेमची माहिती विमा कंपन्यांकडे आहे. परिवहन खाते आणि विमा नियामकाने मिळून चासी नंबरासमोर ‘टोटल लॉस’ आणि तारीख एवढे दोन रकाने उघडे करावेत, आणि आरसी रद्द झाल्याची पावती आल्याशिवाय सांगाडा विकायला बंदी घालावी.

— एक वाहन सर्वेक्षक, सांगली