रंग भाजीतला आणि डबीतला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातून पत्र आलं म्हणजे ते सीमाप्रश्नावरच असणार, असं आपण धरून चालत असाल. हे पालेभाजीवर आहे.

आपल्या आरोग्य पुरवणीत भाज्यांमधले रंग आणि मेंदू यांवर लेख आला होता. लेख तसा बरा होता. पण ‘रोज भाजी जमत नसेल त्यांनी ल्युटीनची कॅप्सूल घ्यावी’ असं एक वाक्य शेवटी होतं (ल्युटीन म्हणजे पालेभाजीतला एक पिवळा रंग) आणि लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. मी वडगावात औषधाचं दुकान चालवते. कात्रण खिशात घालून येणारी माणसं अजून येताहेत.

त्यातलेच एक मामा निपाणीकडचे. लेकीकडे आले होते. “अक्का, डोसकं चालंना झालंय, ही गोळी द्या की,” म्हणत त्यांनी कात्रण काउंटरवर ठेवलं. कात्रणाबरोबर खिशातून विडीचं बंडलही बाहेर आलं. मी डबी काढली, उलटी करून घटक वाचले आणि ती परत फळीवर ठेवली. त्यात ल्युटीनच्या जोडीला बीटा-कॅरोटीन होतं.

बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराचा केशरी रंग. गाजरातून तो खुशाल पोटात जाऊ दे. पण फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना हा रंग रोज २० मिलिग्रॅम गोळीतून दिला. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने दिला होता; १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, तो १९९६ मध्ये मुदतीआधीच बंद करावा लागला. डोळ्यांसाठी लिहून देतात त्या गोळ्यांच्या सूत्रातून बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन १० आणि त्याचाच भाऊबंद रंग झिॲक्झँथिन २ मिलिग्रॅम घालावं, हे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डोळ्यांच्या एका प्रयोगातून पुढे आलं, त्यामागे हेही एक कारण होतं. तरी हा घटक असलेल्या डब्या दुकानात येतच असतात. निपाणी-चिकोडी पट्ट्यातली किती घरं तंबाखूवर उभी आहेत हे आपल्याला मी सांगायला नको. तिथे जाणाऱ्या पुरवणीत याबद्दल अवाक्षर नसावं?

आता मेंदूचं. ल्युटीन मेंदूत असतं हे खरंच आहे. डोळ्याच्या पडद्यावरचा पीतबिंदू पिवळा दिसतो तो ल्युटीन आणि झिॲक्झँथिन या दोन रंगांमुळेच. शरीराला ते बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावे लागतात. वृद्धांच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी झाली तेव्हा या जातीच्या रंगांत ल्युटीनचाच वाटा सगळ्यात मोठा निघाला. शिकागोत ५८ ते ९९ वयाच्या ९६० माणसांवर सरासरी पावणेपाच वर्षं नजर ठेवली. रोज एकदा तरी पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती, जवळजवळ न खाणाऱ्यांच्या मानाने इतकी सावकाश उतरली, की जणू ते ११ वर्षांनी तरुण असावेत. हा अहवाल २०१८ चा. लेखात आकडे होते ते बहुतेक हेच. मात्र रोज भाजी निवडून, चिरून खाणारा माणूस बाकीही चार गोष्टी नेमाने करत असतो. तेव्हा सगळं श्रेय एकट्या ल्युटीनला कसं द्यायचं?

मग तेच ल्युटीन गोळीतून दिल्यावर काय होतं? तेही करून पाहिलंय. डोळ्यांच्या त्याच अमेरिकन प्रयोगात तीन हजारांवर वयस्क माणसांच्या स्मरणाच्या परीक्षा पाच वर्षं घेतल्या. ल्युटीन घेणारे आणि न घेणारे यांत धरण्यासारखा फरक सापडला नाही. २०१५ मध्ये हे छापून आलं. दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांना एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, तेव्हा सरासरी १८ वर्षं घेणाऱ्यांची स्मरणशक्ती किंचित बरी भरली. वर्षभर घेणाऱ्यांना काहीच गुण आला नाही. अठरा वर्षं! आमच्याकडे गिऱ्हाईक दहा गोळ्यांची एक पट्टी नेतं, ‘बघू करून’ म्हणत.

हे रंग तेलात विरघळणारे आहेत, आणि लेखात हवं होतं ते हे. आपल्याकडे ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. ब्याडगीचा लाल रंग ल्युटीनच्याच घराण्यातला. रस्सा खदखदला की तवंग लालभडक होतो आणि खालचं पाणी त्या मानाने फिकट राहतं, ते याचमुळे. पालकाचं, मेथीचं, राजगिऱ्याचं ल्युटीनही असंच, सोबत थोडं तेल असेल तर अंगी लागतं. (जांभूळ, कोकम यांचं घराणं वेगळं, तो रंग पाण्यात उतरतो.) माझ्याकडे येणारे कित्येक जण डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं म्हणून पाला नुसता उकडून खातात आणि वर कॅप्सूल मागतात. त्यापेक्षा चाकवत नाहीतर पालक डाळीबरोबर शिजवून घोटलेली, चमचाभर तेलात लसणाची फोडणी दिलेली मुद्दा भाजी बरी. भाकरीबरोबर जाते, आणि डबीच्या किमतीत कितीतरी जुड्या येतात. अंडं खाणाऱ्यांना पिवळ्या बलकातलं ल्युटीन तर सहज पचतं.

माझा धंदा गोळ्या विकण्याचा, त्यामुळे हे लिहिताना घरचे हसले. पण या डब्या औषध म्हणून येतच नाहीत, खाद्यपूरक म्हणून येतात. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे त्यांच्यावर कायद्यानेच छापावं लागतं. छापतात, इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मामांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “मग पेपरात कशाला घातलंय?” ते आपणच सांगावं.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा दोन गोष्टी ठळक टाइपात घ्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेली गोळी घेऊ नये. आणि हृदयाच्या झडपेसाठी वगैरे रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी लेख वाचून पालेभाजी एकदम वाढवू नये. तिच्यातल्या व्हिटॅमिन ‘के’ने त्या गोळीचा जोर उतरतो. त्यांनी जेवढी नेहमी खातात तेवढीच ठेवावी आणि वाढवायची तर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आपली वाचक,
एक औषध विक्रेती, वडगाव, बेळगाव