निळी पिंपं घेताना आत काय होतं ते विचारा

संपादक साहेब,

ठाणे-बेलापूर रोडला रबाळे, महापे, तुर्भे साइडला भंगारवाल्यांकडे निळी प्लास्टिकची पिंपं रचलेली असतात, पाणीकपात आली की लोक तीच घरी नेतात आणि दोनदा साबणाने धुतली की झालं म्हणतात. अहो पण आधी त्यात काय होतं ते कोण विचारतं, लेबल तर खरवडून टाकलेलं असतं! अ‍ॅसिड एकवेळ भरपूर पाण्याने निघेल पण सॉल्व्हंट (थिनरसारखी द्रावकं) नि कीटकनाशकं प्लास्टिकमध्ये मुरतात आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतात, वास गेला म्हणजे पिंप साफ झालं असं अजिबात नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत अशी रिकामी पिंपं घातक कचऱ्यातच धरलीत, तरी विक्री बिनधास्त.

रस्त्यावरच्या केमिकल टँकरवरची चार आकडी नंबराची पाटीपण बघत जा, १८३० म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक. सल्फ्युरिक सांडलेलं दिसलं तर बादलीभर पाणी मारायचा शहाणपणा नको, ते उकळून अंगावर उडतं, लांब व्हा आणि फायर ब्रिगेडला फोन करा.

अजून एक, सोसायटीत कुणाचं रक्त सांडलं की वॉचमन नुसतं फिनाईल मारतो. ग्लोव्ज घालून आधी कागद टाकावा, वर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) ओतून किमान १० मिनिटं थांबावं, मग पुसावं. त्यात टॉयलेट क्लीनर मात्र मिसळू नका, क्लोरीन गॅस सुटतो. संबंधित खात्याने निदान त्या पिंपांच्या विक्रीकडे तरी बघावं.

– एक वाचक, ऐरोली