रागसंगीताच्या कानांनी ऐकावे असे

महोदय,

पाश्चात्त्य संगीताची आपल्याकडची चर्चा सिंफनीपुढे सहसा जात नाही, याची खंत वाटते. फ्रेंच संगीतकार मोरिस द्युरुफ्ले यांचे १९४७ सालचे ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीची संगीतबद्ध प्रार्थना, जरूर ऐकावे. या प्रार्थनेच्या ग्रेगोरियन, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जुन्या लॅटिन गायनातील, सुरावली त्यांनी त्यात गुंफल्या आणि ताल शब्दांच्या ओघाप्रमाणे बदलता ठेवला. त्यामुळे मोठा गायकवृंद असूनही गाणे श्वासासारखे चालते! एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांनीही नवे लेखन जवळपास थांबवून या जुन्या गायनाचा अभ्यास केला. १९७६पासूनची त्यांची शैली त्यातूनच घडली. एकाच सुरावलीवर चालणारे हे मूळ गायन रागसंगीतावर वाढलेल्या कानांना मुळीच परके वाटत नाही. संगीत मंडळांनी श्रवणसत्रांत त्याला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे