पोराला घरच्यांनीच सांगा, आणि वेळेत सांगा

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

१ डिसेंबरला एड्स दिनाची बातमी तुमच्या पेपरात आली, रॅलीचा फोटो होता आणि खाली नवीन रुग्ण कमी झाल्याचं लिहिलं होतं. वाचून बरं वाटलं. पण जी पोरं हा आजार घेऊनच जन्माला आली आणि आता पंधरा-सतरा वर्षांची झालीयत त्यांच्याबद्दल एक ओळ पण नव्हती, म्हणून लिहितेय. तसलं एक पोरगं आमच्या घरात आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, २००८चा जन्म. बाळंतपण एका छोट्या खाजगी दवाखान्यात झालं, तिथं तिची एचआयव्हीची तपासणी केलीच नाही. केली असती तर तेव्हासुद्धा सरकारी दवाखान्यात कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला औषध देत होते, लागण व्हायची शक्यता बऱ्यापैकी कमी व्हायची. आता तर गरोदर बाईला कळल्या दिवसापासून रोजच्या गोळ्या सुरू करतात आणि बहुतेक बाळं निगेटिव्ह जन्मतात. आमचं पोरगं तीन वर्षांचं होईपर्यंत सारखा खोकला, जुलाब, वजन वाढेना, मग तपासलं आणि मग त्याच्यावरून आईबापाचं कळलं. भावजी ट्रकवर होते, ते वर्षभरात गेले, बहीण २०१४ला टीबीने गेली. थोरली मुलगी निगेटिव्ह आहे. दोन्ही लेकरं माझ्या आईकडे वाढली, मी त्याच गावात दिलेली त्यामुळे अर्धी माझ्याकडेच.

गोळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. २००४पासून सरकार फुकट देतंय, लहान मुलांसाठीचं २००६च्या शेवटाला सुरू झालं, त्याच्यामुळेच हा जिवंत आहे. आमचं चुकलं ते घरात. आम्ही त्याला सांगितलंच नाही. माझी आई त्याला म्हणायची तुझं रक्त कमी आहे, ताकदीची गोळी आहे, रात्री नऊला घ्यायची. बाटली आणली की पहिलं काम लेबल खरवडून काढायचं. गोळ्या आणायला सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, जायचं म्हणून शाळेत दर महिन्याला एक दिवस दांडी आणि कारण काय तर पोटदुखी, सर विचारायचे एवढं काय दुखतंय ह्याचं. एसटीला पासाची सवलत आहे पण कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे अख्ख्या गाडीला सांगितल्यासारखं, म्हणून आई पूर्ण तिकीट काढायची. लेकराला हे सगळं दिसत होतं की. आपल्याकडे काहीतरी लपवण्यासारखं आहे एवढं त्याला सहाव्या-सातव्या वर्षीच कळलेलं असणार, फक्त काय ते माहीत नव्हतं.

सेंटरवरच्या काउन्सेलर मॅडम तो आठ वर्षांचा असल्यापासून सांगत होत्या की हळूहळू सांगायला लागा, आधी रक्तात एक जंतू आहे एवढंच सांगा, गोळीने तो झोपून राहतो म्हणा, नाव नंतर. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने पण २०११ला हेच सांगितलंय की शाळेच्या वयाच्या मुलाला स्वतःचा आजार माहीत पाहिजे. आई ऐकेना. लेकरू मनाला लावून घेईल म्हणायची. मला वाटायचं नातवावरच्या मायेपोटी बोलतेय, पण एकदा रात्री भांडी घासताना रडायला लागली आणि म्हणाली, त्याला कळलं तर तो माझ्या पोरीला शिव्या देईल गं. तेव्हा मला उमगलं की ह्या गप्प बसण्यात अर्धी काळजी गेलेल्या बहिणीची होती.

आणि झालं काय, लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेसाठी मोबाईल घ्यावा लागला, त्या एका महिन्याला लेबल खरवडायचं राहून गेलं, आणि तेरा वर्षांच्या पोराने बाटलीवरचं नाव मोबाईलवर टाकून बघितलं. कुणाला काही बोलला नाही. आठ महिने. मित्रांत जाणं बंद, बहिणीशी बोलणं बंद, तिच्या ग्लासातलं पाणी पिणं बंद, टॉवेल स्वतःच वेगळा केला, आणि आम्ही म्हणतोय वयात आलाय, चिडचिड करणारच. मग तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, एकदम वर गेलेला. गोळ्या गोठ्यामागं सापडल्या, कागदात गुंडाळून टाकलेल्या.

त्या दिवशी मी आईला न विचारता त्याला माडीवर घेऊन बसले आणि सांगितलं. तो म्हणाला, मला माहितीय मावशी, तू कधी सांगतेस ते बघत होतो.

मग जे प्रश्न आले त्यांची तयारी माझ्याकडे नव्हती. आईला माहीत होतं का? माहीत होतं तर मला जन्माला का घातलं? ताईला नाही मग मलाच का? पहिल्याचं उत्तर देता आलं, की नाही रे, तुझ्या आजारपणातनंच तिला स्वतःचं कळलं. ताईबद्दल मॅडमनी समजावलं, की काहीच उपचार नसले तरी शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांनाच लागण होते, सगळ्यांना नाही, त्यात कुणाचं पाप-पुण्य नसतं. पण मधल्या प्रश्नाचा राग बापावर निघाला, मग आईवर, मग आजीवर, वर्षभर घरात कुणी कुणाशी धड जेवलं नाही. पोरीचं वेगळंच, आपण सुटलो ह्याचं तिला अपराध्यासारखं वाटायचं, हे तिने मला परवा परवा सांगितलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तो सावरला ते दोन गोष्टींनी. एका संस्थेच्या शिबिरात त्याच्यासारखी वीस-पंचवीस पोरं भेटली, पहिल्यांदाच त्याने सगळ्यांसमोर गोळी घेतली. दुसरं म्हणजे डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की गोळ्या नीट घेतल्यास आणि व्हायरल लोड दबून राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, लग्न होतं, मुलं निगेटिव्ह होतात. सोळा वर्षांच्या पोराला हे घरात कोण सांगणार होतं? तो घरी येताना गाडीवर शिट्टी वाजवत होता, मला अजून आठवतं.

माझी विनंती एवढीच की सेंटरवर फक्त पोराला नाही, आजी, मावशी, काका, भावंडं सगळ्यांना बोलवून बसवा. आमच्या भागात अशी घरं खूप आहेत जिथं आईबाप नाहीत आणि सांभाळणारे दुसरेच. २०१७च्या एचआयव्ही कायद्यात तर बारा वर्षांवरच्या समंजस भावंडाला धाकट्याचं पालक म्हणून मान्यता आहे, म्हणजे कायद्याला पण माहितीय की ह्या घरांत पोरंच पोरांना सांभाळतात. मग त्या बारा-चौदा वर्षांच्या ताईशी कोण बोलणार? सेंटरवर एक मुलगी बघितलीय मी, भावाच्या गोळ्या न्यायला दप्तरासकट यायची, दप्तर काढायची पण नाही. पोरांसाठी रविवारची वेळ ठेवा, म्हणजे शाळा बुडणार नाही आणि खोटं बोलावं लागणार नाही. आणि अठरा पूर्ण झाल्यावर बालसंगोपनचे, म्हणजे अशा मुलांना सांभाळायला सरकार देतं ते पैसे बंद होतात, पोरगं मोठ्यांच्या रांगेत उभं राहतं, नेमकं तेव्हाच कॉलेज, नोकरी, लग्नाचं टेन्शन सुरू होतं, तेव्हा त्याला सोडू नका. आमचा पुढच्या वर्षी अठराचा होतोय.

ज्यांच्या घरात अशी गोष्ट आहे त्यांनी १०९७ ह्या एड्सच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. सुरुवात कशी करायची ते तिथं विचारता येतं.

हे पत्र पाठवायच्या आधी त्याला वाचायला दिलं. दोन ठिकाणी त्याने खोडलं, गोठ्याचं मात्र राहू दे म्हणाला. आजीलाही त्यानेच वाचून दाखवलं. कृपया नाव-गाव छापू नये.

आपली,
एक मावशी, सांगली जिल्हा