14.2 व्होल्ट कुठे जिरत होते, हे दाखवणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

त्या दुपारी वाहनतळावर स्वतःचे काम बाजूला ठेवून तुम्ही तासभर माझ्या ट्रेलरखाली आडवे झालात आणि मला मात्र निघण्याच्या गडबडीत धड आभारही मानता आले नाहीत. हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे, कारण ज्या चुकीपायी मी दोन बॅटऱ्या घालवल्या ती करणारा मी एकटाच नसणार.

माझ्या ट्रेलरमधली बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्रावरून) लांब वायरीने भरते. दिवसभर गाडी चालवूनही ती दुसऱ्या रात्री मान टाकते, म्हणजे बॅटरीच वाईट निघाली, असे मी धरून चाललो होतो. इंजिन सुरू ठेवून ट्रेलरकडच्या जोडावर मल्टिमीटर लावला की 14.1 व्होल्ट दिसत, त्यामुळे वायरवर संशय घ्यावा असे कधी वाटलेच नाही. तुम्ही तो आकडा ऐकून एवढेच विचारलेत, "मोजताना बॅटरी जोडलेली होती का?" ती नव्हती. प्रवाह वाहत नसेल तर कितीही बारीक वायर पूर्ण व्होल्टेज दाखवते, हे शाळेत शिकूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. बॅटरी जोडून तुम्ही पुन्हा मोजलेत, तेव्हा अल्टरनेटरवर 14.2 व्होल्ट होते, ट्रेलरच्या टर्मिनलवर 12.9 आणि प्रवाह जेमतेम 9 अँपिअर.

मग बॉनेटवरच्या धुळीत तुम्ही बोटाने हिशोब मांडलात: 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दर मीटर लांबीला सुमारे 7 मिलिओहम रोध, जाण्यायेण्याचे मिळून 20 मीटर, म्हणजे 0.14 ओहम, आणि 9 अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच खलास. लेड-ॲसिड बॅटरी पुरती भरायला 14 व्होल्टच्या वर लागतात, 12.9 वर ती अर्धीमुर्धी भरून तशीच पडून राहते आणि प्लेटांवर सल्फेट साचून अकाली संपते. माझ्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या असणार. रंगावरच आवळलेला अर्थिंगचा बोल्टही तुम्ही खोललात आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलात.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे 16 चौरस मिलिमीटरची वायर टाकली आहे, परतीची वायरही तेवढीच जाड. आता 15 अँपिअर वाहत असताना ट्रेलरच्या टोकाला 13.9 व्होल्ट मिळतात. फ्यूज मात्र मी एकाच टोकाला बसवणार होतो. वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते, मधे कुठे ती घासून पत्र्याला टेकली तर आग दोन्हीकडून लागू शकते, असे तुम्ही जरा चिडूनच म्हणालात; ते चिडणे रास्त होते. गाडी बंद असताना ट्रेलरच्या फ्रिजने इंजिन सुरू करण्याची बॅटरी रिकामी करू नये म्हणून मधे रिलेही (व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) बसवला आहे. तो 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8 ला सोडतो.

महागडा डीसी-डीसी चार्जर (गाडीकडून येणारी वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजने आणि प्रवाहाने देणारे यंत्र) घेऊ का, असे विचारल्यावर तुम्ही सरळ नको म्हणालात. माझ्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर व्होल्टेज एकसारखे ठेवतो, म्हणून जाड वायर पुरे. नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मधेच व्होल्टेज उतरवतो, तिथे त्या चार्जरशिवाय भागत नाही. लिथियम बॅटरी लावली तरी तेच, कारण तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती सापडेल तेवढा प्रवाह ओढते आणि संथ फिरणारा अल्टरनेटर तापतो. विकणाऱ्याने हा फरक मला सांगितला नव्हता.

तिसरी बॅटरी अजून ठणठणीत आहे. मात्र तीन तासांच्या प्रवासात ती काठोकाठ भरत नाही, शेवटचा भाग रेंगाळतच भरतो, हे तुमचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. म्हणून घरी आल्यावर चार्जर रात्रभर लावून ठेवतो. तुमच्या मल्टिमीटरची काळी क्लिप माझ्या हत्यारांच्या पेटीत राहून गेली आहे. पुढच्या भेटीत ती आठवणीने परत करीन.

आपला ऋणी,
ट्रेलरवाला